अडगळीची शेड, तारण घर आणि वाळवी

सन २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यातल्या एका बँक शाखेत सुमारे १ कोटी रुपयांच्या नोटा वाळवीने खाल्ल्याचे उघडकीस आले होते. पुढे २०२३ मध्ये मुरादाबाद येथे लॉकरमध्ये ठेवलेले सुमारे १८ लाख रुपये वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडल्याची बातमी देशभर वाचली गेली. दोन्ही वेळी चर्चा झाली ती ‘बँकेत वाळवी शिरलीच कशी?’ या अंगाने. माझ्या मते या घटनांतून निघणारा बोध अधिक व्यापक आहे. पोलादी दार, जाड भिंत आणि पहारा यांमुळे चोर अडतो; जमिनीखालून येणारा कीटक अडत नाही. मग ज्या घराला असे कोणतेही संरक्षण नाही आणि ज्याच्या भिंतीला आपण स्वतःच लाकूडफाटा टेकवून ठेवतो, त्या घराचे काय?

गृहकर्जाच्या कामानिमित्त मालमत्तेची पाहणी करण्याचे प्रसंग आम्हा बँक अधिकाऱ्यांवर नेहमी येतात. बदलीमुळे निरनिराळ्या गावांची घरे पाहावयास मिळतात आणि एक गोष्ट सर्वत्र सारखीच आढळते. घर बांधून दोन-तीन वर्षे झाली, की त्याच्या एका बाजूला पत्र्याची शेड उभी राहते. कोकणात तिच्यात सरपण आणि शेणी असतात. पुण्या-नाशिकच्या बंगल्याशेजारी बांधकामातून उरलेल्या फळ्या, जुनी दारे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि खोकी असतात. इंदूर, बडोदे, बेळगाव अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची घरेही यास अपवाद नाहीत. शेडचा एक वासा हमखास घराच्याच भिंतीत रोवलेला असतो, कारण त्यामुळे एका बाजूचे खांब आणि एक भिंत वाचते. ही बचत अत्यंत महाग पडणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घराबाहेर साठवणीची सोय करण्यास माझा विरोध नाही. ती भिंतीला चिकटून करण्यास आहे.

याचे कारण वाळवीच्या जीवनक्रमातच आहे. आपल्या घरांना प्रामुख्याने उपद्रव देणारी वाळवी जमिनीत राहते. तिला तीन गोष्टी लागतात : ओलावा, अंधार आणि सेल्युलोज. हे सेल्युलोज लाकडात असते, तसेच कागदात, पुठ्ठ्यात, सुती कापडात आणि वाळलेल्या गवतातही असते. कामकरी वाळवीची कातडी नाजूक असल्याने उघड्या, कोरड्या हवेत तिचा निभाव लागत नाही. म्हणून ती जमिनीपासून अन्नापर्यंत मातीची नळी बांधीत जाते. सुस्थितीतील काँक्रीट ती खात नाही, मात्र त्यातील सुमारे १ मिलिमीटर रुंदीची भेग तिला पुरेशी होते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर दिव्याभोवती जमणारे पंखधारी किडे म्हणजे नवीन वसाहत स्थापन करण्यास निघालेली वाळवीच होय.

आता भिंतीला टेकलेल्या शेडचा विचार करावा. घराचे जोते उघडे असेल, तर जमिनीतून वर चढणारी मातीची नळी सहज दृष्टीस पडते. शेडमुळे नेमका हाच भाग झाकला जातो. पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी मुरतात, ऊन तेथे पोहोचत नाही आणि माती बाराही महिने दमट राहते. त्या दमट मातीवर आपण लाकूड आणि पुठ्ठा रचून ठेवतो. वाळवीच्या तीनही गरजा आपण एकाच ठिकाणी आणि तीही घराच्या भिंतीलगत भागवितो. शेडमधील फळीवरून ती भिंतीच्या भेगेत, तेथून दाराच्या चौकटीत आणि चौकटीतून कपाटात शिरते. आपल्याला पत्ता लागतो तो बहुधा चौकटीवर बोट दाबल्यावर ते आत गेल्यानंतरच.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली एक बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. अनेक घरांच्या पायाभरणीच्या वेळी वाळवीप्रतिबंधक द्रावण जमिनीत मुरविलेले असते. त्यासंबंधी भारतीय मानक ६३१३ अस्तित्वात असून, त्याचे तीन भाग अनुक्रमे बांधकामातील उपाय, बांधकामापूर्वीची रासायनिक प्रक्रिया आणि उभ्या इमारतींवरील प्रक्रिया यांविषयी आहेत. या प्रक्रियेचे सारे मर्म ‘अखंडता’ या एका शब्दात आहे. इमारतीखाली आणि भोवती औषधयुक्त मातीचा सलग पट्टा तयार झाला पाहिजे. शेडच्या खांबांसाठी भिंतीलगत खड्डे खणले, की तो पट्टा तुटतो. खणलेली माती उलटसुलट होऊन पुन्हा भरली जाते आणि वाळवीला वाट मोकळी होते. ‘आमच्या घराला आधीच औषध मारलेले आहे’ असे समाधान मानणाऱ्याने, त्यानंतर भिंतीलगत कुदळ पडली होती काय, याचा विचार अवश्य करावा. पडली असल्यास तेवढ्या पट्ट्यावर पुन्हा प्रक्रिया करून घेणेच हितावह ठरते.

मग साठवण करावी तरी कशी? जागा असल्यास शेड घरापासून पूर्णतः अलग असावी आणि मध्ये माणूस वावरू शकेल असे किमान दोन फुटांचे अंतर असावे. हे अंतर केवळ वाळवी दूर राहावी म्हणून नाही, तर भिंतीची पाहणी करता यावी म्हणून आहे. खांब लोखंडी असावेत. लाकडीच वापरावयाचे असतील, तर त्यांचे बूड मातीत पुरू नये. आपल्या जुन्या वाड्यांतील लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे केलेले असत. त्यात शोभा होती, परंतु लाकूड मातीपासून दूर ठेवण्याचे व्यवहारज्ञानही होते. शेडची जमीन काँक्रीटची, सभोवारच्या मातीहून उंच आणि घराच्या उलट दिशेने उतार असलेली असावी. पत्र्याला पन्हळ लावून पाणी दूर सोडावे. आत लोखंडी मांडणी असावी आणि तिचा सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून साधारण एक फूट वर असावा, म्हणजे खाली वाकून पाहता येते. कागद व कापड पुठ्ठ्याच्या खोक्यांत न ठेवता पत्र्याच्या वा प्लॅस्टिकच्या झाकणबंद पेटीत ठेवावे.

यावर आक्षेप येतो तो जागेचा. शहरातील भूखंड लहान, रो-हाऊसला बाजूस मोकळी जागा थोडी. दोन फूट सोडावयाचे तर उरणार काय? आक्षेप रास्त आहे. तथापि, अशा ठिकाणी शेड बांधण्याऐवजी पायांवर उभे राहणारे, हलविता येणारे पत्र्याचे कपाट ठेवणे अधिक श्रेयस्कर. भिंत आणि कपाट यांत वीतभर फट ठेवली, तरी विजेरी टाकून मागे पाहता येते. शिवाय, घराभोवतीची मोकळी जागा ही स्थानिक बांधकाम नियमांनुसार सोडलेली असते. तेथे परवानगीविना कायमस्वरूपी बांधकाम केल्यास मूल्यांकनाच्या अहवालात त्याची नोंद होऊ शकते आणि पुढे घर विकताना किंवा कर्ज वाढवून घेताना ती नोंद आड येते. हलविता येणाऱ्या कपाटाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

दुसरा आक्षेप कोकण आणि घाटमाथ्यावरील वाचकांचा असेल. तेथे पावसाळ्यात सरपण कोरडे ठेवणे ही गरजेची बाब आहे. वळचणीला रचलेले सरपण भिजत नाही आणि मुसळधार पावसात ते आणण्यासाठी बाहेर जावे लागत नाही. ही सोय नाकारण्याचा अधिकार शहरात गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. माझे सांगणे इतकेच की, पावसाळ्याच्या चार महिन्यांचे सरपण वळचणीला ठेवावयाचे असेल, तर ते लोखंडी घोडीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावे आणि पावसाळा संपताच ती जागा रिकामी करून झाडून घ्यावी. जुना साठा तळाशी ठेवून त्यावर दरवर्षी नवा रचण्याची जी सवय आहे, ती मात्र सोडावीच लागेल. तळाचे ते लाकूड कधीच जळत नाही. ते केवळ वाळवीची सोय करते.

सागवान वापरले म्हणजे काळजी मिटली, असाही एक समज आहे. सागाचा पक्व गाभा वाळवीस बऱ्यापैकी दाद देत नाही हे खरे. परंतु त्याच झाडाच्या बाहेरील फिकट भागास ते लागू नाही, आणि आंब्याच्या फळ्यांची तर गोष्टच सोडा. रॉकेल शिंपडण्याचा उपायही असाच वरवरचा आहे. त्याने दिसणारी वाळवी मरते, जमिनीतील राणी आणि तिची वसाहत अबाधित राहते. शिवाय लाकडाच्या ढिगाला आगीचा धोका निर्माण होतो तो वेगळाच. प्रादुर्भाव आढळल्यास कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील परवाना असलेल्या व्यावसायिकाकडूनच काम करून घ्यावे, आवारात विहीर किंवा कूपनलिका असल्यास त्यास आधी सांगावे आणि वापरलेले औषध, तारीख व हमीची मुदत लेखी घेऊन तो कागद घराच्या मूळ दस्तऐवजांसोबत जपून ठेवावा.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून या प्रश्नाकडे मी खर्चाच्या दृष्टीनेही पाहतो. उदाहरणादाखल २५ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २२,५०० रुपये येतो आणि मुदतीअखेर एकूण परतफेड ५४ लाखांच्या आसपास जाते. कुटुंबाच्या मिळकतीचा सर्वांत मोठा हिस्सा ज्या वास्तूत गुंतलेला आहे, तिच्या जोत्याकडे वर्षातून दोनदा पाहण्यास आपणांस वेळ मिळू नये, हे आश्चर्य नव्हे काय? विमा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे, दंगल अशी संकटे नमूद आहेत. त्या यादीत वाळवी नाही. वाळवीचे नुकसान हळूहळू, देखभालीअभावी होणारे आहे आणि त्याचा भार अखेर घरमालकासच उचलावा लागतो. चौकटी पोखरल्या म्हणून कर्जाचा हप्ता कमी होत नाही. दरमहा दोन-तीनशे रुपयांचे आवर्ती ठेव खाते केवळ घराच्या देखभालीसाठी उघडल्यास आवश्यक त्या वेळी प्रक्रियेचा खर्च जड जाणार नाही.

बँकांचीही यात काही जबाबदारी आहे, असे मला वाटते. कर्ज मंजूर करताना आपण मालकी हक्क तपासतो, मंजूर नकाशा पाहतो, मूल्यांकन करवून घेतो. कर्ज दिल्यानंतर मात्र हप्ते वेळेवर येत असतील, तर त्या घराकडे आपण वळून पाहत नाही. मंजुरीपत्रासोबत घराच्या देखभालीसंबंधी एक पानी सूचना देणे आणि पाहणी अहवालात ‘भिंतीलगत लाकूड अथवा शेड आहे काय?’ असा एक रकाना ठेवणे, यास फारसा खर्च येणार नाही. यामागे ग्राहकावर देखरेख करण्याचा हेतू नसावा. ज्या वास्तूवर ग्राहकाचा निवारा आणि बँकेचे तारण असे दोघांचेही हित अवलंबून आहे, तिची निगा राखण्यात साह्य करण्याचा असावा. कर्मचारी सहकाऱ्यांनाही विनंती की, आपल्या शाखेच्या मागील खोलीत जुन्या व्हाउचरचे गठ्ठे जमिनीवर, भिंतीला टेकून रचलेले नाहीत ना, हे एकदा पाहावे. ग्राहकाला उपदेश करण्यापूर्वी आपले घर तपासणे बरे.

पाहणीसाठी दोन वेळा निश्चित कराव्यात : एक मृगाच्या आधी, दुसरी दिवाळीच्या साफसफाईत. जोत्यावर मातीची नळी आहे काय, खिडकीपाशी गळून पडलेले पंख आहेत काय, चौकटीवर टिचकी मारल्यास आवाज पोकळ येतो काय, एवढेच पाहावयाचे. नळी आढळल्यास ती पूर्ण पुसून टाकू नये. मधला थोडा तुकडा मोडून काही दिवसांनी पाहावे. ती पुन्हा जोडली गेली असेल, तर वाळवी कार्यरत आहे असे समजावे. जोडली गेली नाही, तरी निश्चिंत न होता जाणकाराकडून खात्री करून घ्यावी.

आपल्याकडे वाल्मीकी ऋषींच्या नावाची व्युत्पत्ती ‘वल्मीक’ म्हणजे वारूळ या शब्दाशी जोडली जाते. तपाला बसलेल्या ऋषींभोवती वारूळ वाढले, अशी ती कथा. तपस्व्याचे एक ठीक. संसारी माणसाने मात्र घराभोवती काय वाढते आहे याचे भान ठेवलेच पाहिजे. येत्या रविवारी थोडा वेळ काढून शेडमधील सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढावे आणि मागे उजेड टाकून पाहावे, एवढीच वाचकांकडून अपेक्षा आहे.