‘ब’च्या पोटातील रेघ

आषाढातील एका धुकट सकाळी खर्डी मागे टाकून लोकल उंबरमाळीला थांबली. पिवळ्या फलकावरील काळे नाव पावसाच्या पडद्यातूनही स्वच्छ वाचता आले. परंतु स्थानकाबाहेर पडताच कुणा हौशी मंडळाच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर तेच नाव अतिशय जाड, वाटोळ्या, नव्या वळणाच्या अक्षरांत छापलेले दिसले, आणि वीस पावलांवरून मी ते ‘उंवरमाळी’ असे वाचले. ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ त्या जाडीत पार बुजून गेली होती.

रेषेची जाडी सर्वत्र सारखी ठेवून, वर्तुळ आणि सरळ रेघ यांच्या हिशेबाने अक्षर घडविण्याची ही रीत जर्मन अक्षररचनाकार पॉल रेनर याने १९२७ साली ‘फ्युचुरा’ या टंकात रूढ केली. रोमन ‘ओ’ मूळचाच वाटोळा. त्याला कंपासाचा जाच नाही. आपली अक्षरे मात्र तिरप्या कापलेल्या बोरूने घडली, जाड-बारीक हा त्यांचा जन्मस्वभाव, आणि ‘निर्णयसागर’ छापखान्याच्या खिळ्यांनीही तो सांभाळला. म्हणून अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली काढलेल्या, याच भौमितिक रीतीच्या ‘पॉपिन्स’ टंकाचे मला अप्रूप वाटते. त्यातील देवनागरी निनाद काळे यांची, लॅटिन जॉनी पिनहॉर्न यांची. अगदी सडपातळापासून धिप्पाडापर्यंत नऊ वजने, आणि रोमन मोठी अक्षरे देवनागरीहून किंचित ठेंगणी. पाहुण्याने यजमानाच्या घरी जरा वाकून यावे, तसे! जाड वजनात रेघ जिथे रेघेला मिळते तिथे ती हळूच बारीक करावी लागते, हे या कलेचे मर्म आहे. भूमितीचा आभास टिकविण्यासाठीच भूमिती मोडावी लागते, आणि ही लबाडी ज्याला साधत नाही त्याच्या हातून ‘ब’चा ‘व’ होतो.

अशा जाड, वाटोळ्या अक्षराचे खरे स्थान गावाच्या नावात, दवाखान्याच्या पाटीवर, ‘पुढे तीव्र वळण’ अशा इशाऱ्यात, म्हणजे जिथे शब्द थोडे आणि अंतर फार तिथे आहे. उलट, एका कचेरीबाहेर अर्जाची मुदत, लागणारे दाखले आणि सातबाऱ्याच्या नकलेची फी असा पंचवीस ओळींचा मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत याच धिप्पाड ठशात लावलेला मी पाहिला आहे. सगळेच ओरडू लागल्यावर ऐकायचे कुणाचे? समोरची म्हातारी शेवटी शिपायालाच विचारीत होती.

परतताना मुरबाडच्या बाजारात एक रंगारी दुकानाची पाटी रंगविताना दिसला. जाड ब्रशने ‘ब’चे पोट ओढून झाल्यावर त्याने तो डब्यात ठेवला आणि कानावर खोचलेला बारीक ब्रश काढला. कारण विचारले, तर वर न बघताच म्हणाला, “ह्या रेघेला हाच लागतो, साहेब. नायतर पोट बुजतं.”