टेबल कोणाचं?

म्युनिकच्या ‘डॉइचेस म्युझियम’मध्ये एक साधं लाकडी टेबल आहे. त्यावर पॅराफिनचा ठोकळा, किरणोत्सार मोजणारे गणक, बॅटऱ्या, तारांचं जंजाळ आणि एक वही. युरेनियमचं अणुकेंद्र फुटतं हे 1938च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ज्यांच्यामुळे कळलं, ती ही उपकरणं. खरं तर ती वेगवेगळ्या खोल्यांत होती, प्रदर्शनासाठी एका टेबलावर मांडली गेली. पुढे कित्येक वर्षं पाटी सांगत होती की हे टेबल रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांचं. त्यांच्या सहकारी लिझ माइटनर यांचं नाव तिथं नव्हतं.

यंदाचा दिवाळी अंक अणुशास्त्रज्ञांवर काढायचं ठरलं, तेव्हा मुखपृष्ठासाठी पहिलं नाव अर्थातच ओपनहायमर यांचं निघालं. सिनेमाने ते घरोघरी पोचवलंय. आम्ही माइटनरबाईंना निवडलं, आणि ते ‘उपेक्षिता’ म्हणून नव्हे. अन्याय झालेल्या बाईवर हळहळून मोकळं होण्याची आपली सवय जुनी आहे. त्या हळहळीत तिचं काम तेवढं वाचायचं राहून जातं.

1907मध्ये व्हिएन्नाहून त्या बर्लिनला आल्या त्या पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट घेऊन. रसायन संस्थेच्या प्रमुखांना प्रयोगशाळेत बायका चालत नसत. म्हणून तळघरातली जुनी सुतारशाळा त्यांना मिळाली. वर पाऊल टाकायचं नाही. स्वच्छतागृहासाठी रस्त्यावरच्या एखाद्या उपाहारगृहात जायचं. वर्ष-दोन वर्षांत बंदी उठली. पुढे त्या स्वतःच्या विभागाच्या प्रमुख झाल्या, प्राध्यापक झाल्या. रोममध्ये पदार्थवैज्ञानिक फर्मी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करताहेत हे वाचून 1934मध्ये त्या कामाला हात घालायचा आग्रह त्यांचाच. हानना त्यांनी ओढून आणलं, मग रसायनशास्त्रज्ञ स्ट्रासमन आले.

1938च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू कुटुंबात जन्मलेल्या माइटनरबाईंचा पासपोर्ट कागदाचा कपटा झाला. जुलैमध्ये, वयाच्या 59व्या वर्षी, डच मित्र डर्क कोस्टर यांच्या सोबतीने त्या रेल्वेने सीमेपार गेल्या. पर्समध्ये दहा मार्क आणि हान यांनी दिलेली त्यांच्या आईची हिऱ्याची अंगठी. सीमेवर कोणाचा हात ओला करावा लागला तर असावी म्हणून. हान मित्र होते, यात शंका नाही. पुढचं वाचताना हे विसरू नये.

स्टॉकहोममध्ये त्यांना जागा मिळाली, माणसं आणि साधनं जवळजवळ नाहीत. पण संशोधन चालूच होतं, पत्रांतून. नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनला हान भेटले तेव्हा, युरेनियममधून रेडियम मिळतंय हे पटत नाही, पुन्हा तपासा, असं बाईंनी बजावलं. तपासलं, तर निघालं बेरियम! युरेनियमच्या साधारण निम्म्या वजनाचं मूलद्रव्य. चक्रावलेल्या हाननी 19 डिसेंबरला पत्र धाडलं: याचा काही अर्थ लागतो का बघ.

नाताळात कुंगेल्व गावी भाचा ओटो फ्रिश भेटायला आला होता. तो स्कीवर, मावशी पायी, दोघं बर्फातून निघाली. पदार्थवैज्ञानिक नील्स बोर यांनी अणुकेंद्राला पाण्याच्या थेंबाची उपमा दिली होती. एका ओंडक्यावर बसून दोघांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर आकडे मांडले. युरेनियममधला विद्युतभार इतका मोठा की थेंबाचा पृष्ठताण जेमतेम टिकून असतो. एक न्यूट्रॉन शिरला की थेंब लांबट होऊन मधोमध तुटू शकतो. दोन तुकडे एकमेकांना दूर ढकलतील ती ऊर्जा सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. ती येणार कुठून? वस्तुमानाची सूत्रं बाईंना तोंडपाठ होती. तुकड्यांचं वस्तुमान प्रोटॉनच्या एक-पंचमांशाने कमी भरत होतं. आइन्स्टाइनच्या समीकरणात घातलं, तर उत्तर तेच! तारापूरचं अणुवीज केंद्र याच हिशेबावर चालतं.

हान-स्ट्रासमन यांचा निबंध जानेवारी 1939मध्ये आला. त्यावर परागंदा ज्यू बाईचं नाव घालणं जर्मनीत शक्य नव्हतं, हे मान्य. पण युद्ध संपल्यावरही हान म्हणत राहिले की शोध रसायनशास्त्राचा. 1944चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानना गेलं. आमच्या मते बेरियम सापडणं हा अर्धाच शोध; ते तिथं का आहे हे कळणं हा उरलेला अर्धा.

अणुबॉम्बच्या कामासाठी आलेलं बोलावणं बाईंनी साफ नाकारलं. 1945मध्ये त्यांनी हानना एक खरमरीत पत्र लिहिलं: तुम्ही सगळे नाझी जर्मनीसाठी राबलात. आपणही 1933मध्येच बाहेर पडायला हवं होतं, ही आपली मोठी चूक, हेही त्यांनी लिहिलं. आणि तरी मैत्री तोडली नाही. असं माणूस पूजेच्या किंवा कीव करण्याच्या कामाचं नाही.

अंकातल्या काही लेखकांना शोधाच्या श्रेयाबद्दलचा आमचा हा कौल मान्य नाही. एकाने हान यांची बाजू जोरात मांडली आहे. ती आम्ही काटछाट न करता छापली आहे. दोन्ही वाचा आणि फराळ आटोपला की भांडायला पत्रं लिहा. शुभ दीपावली!