बिनशर्त कोण होतं?

मराठवाडा महाराष्ट्रातून फुटणार. मराठवाडा फुटणार नाही. या दोन वाक्यांवर किती पुढाऱ्यांची पोटं भरली! मार्च २०१६मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात वेगळ्या मराठवाड्याबद्दल बोलले आणि मुंबईत विधिमंडळ पेटलं. अण्यांना राजीनामा द्यावा लागला. अखंडवाले एका बाजूला, वेगळेवाले दुसऱ्या बाजूला. दोघंही भाषणात आमचं नाव घेत होते आणि दोघांनीही आम्हाला विचारलं नव्हतं. दोस्तहो, घरमालकांच्या वाटणीत भाडेकरूला कोण विचारतं? आम्ही तर भाडेकरूही नाय. आम्ही गावकुसाबाहेरचे.

मी बीड जिल्ह्यातला. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उतरवतो. रात्री कविता लिहितो. कवितेत सरहद्द फार देखणी दिसते. अंगावरून गेली की कळते.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकू. मराठवाड्यावरचा अन्याय खोटा नाही. दांडेकर समितीनं १९८४ला अनुशेष मोजला, तेव्हा मराठवाड्याच्या वाट्याला सुमारे ७५० कोटींची तूट निघाली. बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. निजाम गेला त्याला तोवर ७७ वर्षं झाली होती. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं. हे सगळं खरं आहे. पण जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष मोजणाऱ्यांनी गावठाण आणि दलितवस्ती यांच्यातला अनुशेष कुठल्या वहीत लिहिला? दुष्काळ सगळ्या गावावर येतो, पण टँकर आधी कुणाच्या दारात उभा राहतो? सांगा की!

आता त्यांच्या आवडत्या शब्दाकडे येऊ. बिनशर्त. २८ सप्टेंबर १९५३ला नागपूर करार झाला. निधी, नोकऱ्या, शिक्षण यांत वाटा देण्याची कलमं कागदावर आली. १ नोव्हेंबर १९५६ला हैद्राबाद संस्थानाचा मराठी तुकडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. घटनेत ३७१(२) हे कलम १९५६लाच आलं. त्याखाली विकास मंडळं यायला १९९४ उजाडलं आणि ३० एप्रिल २०२०ला त्यांची मुदतही संपून गेली. तरी आमचे पुढारी छाती फुगवून सांगत आले की मराठवाडा बिनशर्त आला.

बिनशर्त? कुणाच्या जिवावर रे? माझ्या आईबापानं मुकादमाची उचल घेतली तेव्हा अंगठ्याखाली अटीच अटी होत्या. खाडा झाला तर दंड. आजारी पडलं तरी खाडा. उचल फिटली नाही तर पुढल्या साली परत फडात. नवराबायको मिळून एक कोयता. माणसांची मोजदादसुद्धा हत्यारानं! २०१९मध्ये सरकारनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजार ८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. ही किंमत मोजणारी बाई कधी बिनशर्त नव्हती. शंभर अटींवर जगणाऱ्यांच्या नावानं ज्यांनी उदारपणा दाखवला, त्यांच्या घरी कणगी भरलेली होती. बिनशर्त राहणं भरल्या पोटालाच परवडतं.

आणि आता त्याच घराण्यांचे पोरं आम्हाला सांगताहेत, चला, फुटू या. तेही बिनशर्तच!

मराठवाड्याच्या अस्मितेचं रक्त आमच्या अंगावर वाळलेलं आहे. १९७४ला विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले. मागणी न्यायाची होती. चार वर्षांनी, २७ जुलै १९७८ला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. ज्या माणसानं १९५०ला औरंगाबादेत कॉलेज काढून या भागातल्या पोरांना उच्च शिक्षणाची वाट दाखवली, त्याचंच नाव अस्मितेला टोचलं. वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेला मारून टाकलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला, तेही 'मराठवाडा' शब्द सोबत ठेवून. मागासलेला मराठवाडा एका सुरात मुंबईकडे न्याय मागतो आणि दुसऱ्या सुरात आमची झोपडी जाळतो, हे आम्ही विसरायचं?

मग अखंडवाले खूश होतील. म्हणतील, बघा, दलित आमच्याकडं. नाय बाबांनो! तुमचा महाराष्ट्र अखंड, पण त्याच महाराष्ट्राच्या गावात स्मशानं दोन. नकाशावर रेघ नको म्हणून गळा काढता, पण गावातली रेघ रोज ओलता. आम्ही तुमच्याही पालखीचे भोई नाही.

वेगळेवाले बाबासाहेबांचं पुस्तक पुढं करतात. खरं आहे, १९५५ला भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली होती आणि मराठवाडा मध्य महाराष्ट्रात घातला होता. पण यांनी नकाशाचं पान फाडून घेतलं आणि बाकीचं पुस्तक ठेवून दिलं. त्याच पुस्तकात बाबासाहेब बजावतात की भाषेच्या प्रत्येक मुलखात एक मोठी जात असते, सत्ता तिच्या हातात जाते आणि लहान जाती तिच्या पायाखाली येतात. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एकाच मतदारसंघातून एकाहून जास्त प्रतिनिधी निवडायची पद्धत मागितली. म्हणजे नकाशा काढला तो अटीसकट. बाबासाहेबांचा नकाशा घ्यायचा तर अटही घ्या.

रेघ पडली तर काय होईल, ते आमच्या पोटाकडून बघा. अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. राज्य बदललं की आरक्षणासाठी जातीचा दाखला चालत नाही. जात मात्र बरोबर चालते! बीडहून येऊन मुंबईच्या झोपडपट्टीत, गोदीत, नाक्यावर राबणाऱ्या पोराचा दाखला मग कुठला? बिहार फुटून २०००ला झारखंड झालं. झारखंडात नोकरी करणाऱ्या अनुसूचित जातीच्या एका उमेदवाराला कायमचा पत्ता पाटण्याचा म्हणून राखीव जागा नाकारली. सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला तो २०२१ला. राज्याचा जन्म २०००चा, त्याचा न्याय २०२१चा. दसरा झाला की बीडच्या गाड्या सांगली-कोल्हापुराकडे निघतात, कर्नाटकात जातात. उद्या सांगलीही परराज्य होईल. फडात कोपीला आग लागली तर पंचनामा कुणाचा, भरपाई कुणाची, पोरांची शाळा कुणाची? हे प्रश्न कुठल्या ठरावात आहेत?

जरा लांब बघा. २३ जून २०१६ला ब्रिटननं युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं. ५१.९ टक्के बाहेर पडा म्हणाले. हल नावाच्या बंदरात तर ६७.६ टक्के. मासेमारी बसलेली, कामगाराच्या पोटात आग होती. त्याच्यापुढं कागद एका शब्दाचा ठेवला, राहू की जाऊ. बाहेर पडले ३१ जानेवारी २०२०ला. मधली साडेतीन वर्षं अटी लिहिण्यात गेली आणि लेखणी हलच्या कामगाराच्या हातात नव्हती. त्याच देशात एप्रिल १९६८मध्ये लंडनचे गोदी कामगार इनॉक पॉवेलच्या बाजूनं मोर्चा घेऊन गेले होते, बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या माणसांविरुद्ध! माझ्याच धंद्याची माणसं. पाठीवर तेच ओझं आणि डोक्यात मालकाचा झेंडा. मालकाचं कौशल्य हेच. भूक तुझी, रेघ त्याची.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. अटीशिवाय राहणं नाही, अटीशिवाय फुटणं नाही. भूमिहीन दलित-आदिवासींची १४ एप्रिल १९९०पर्यंतची गायरानं नावावर करायचा सरकारी निर्णय १९९१ला निघाला. ती जमीन आधी सातबाऱ्यावर चढवा, बाईचं नाव धरून. गावच्या पाण्यावर वस्तीचा हक्क आधी लिहा, उसाचा मागून. रेघ पडलीच तर मुंबई-पुण्यात गेलेल्यांचा दाखला दोन्हीकडे चालेल असा कायदा त्याच दिवशी करा. ऊसतोडीला जाणाऱ्याची नोंद, औषध, रेशन, पोरांची शाळा सरहद्दीपलीकडेही चालू ठेवा. आणि एका मोठ्या जातीच्या हातात सगळं राज्य जाणार नाही अशी मतदानाची पद्धत आणा.

हे द्या, मग राज्य एक ठेवा, दोन करा नाहीतर चार करा. हे देणार नसाल तर औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नवं मंत्रालय कितीही मोठं बांधा. त्याच्या विटा आम्हीच वाहणार आणि आत तोच पाटील बसणार.

पोरांनो, उद्या तुमच्या वस्तीत दोन्ही गाड्या येतील. दोन्हींवर भोंगे असतील, दोन्हींवर बाबासाहेबांचा फोटो असेल. माळ घेऊन पुढं धावू नका. गाडी अडवा आणि विचारा, अटींचा कागद कुठंय? कागद नसेल तर गाडी परत पाठवा.