गच्चीवरची विमाने

पंजाबातील सतलज व बियास या नद्यांमधल्या सुपीक प्रदेशाला दोआबा म्हणतात. जालंधर, होशियारपूर, कपूरथळा, नवांशहर या भागांतून रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाची नजर शेतांवरून हटून घरांच्या गच्च्यांवर खिळते. एका गच्चीवर विमान उतरल्यासारखे दिसते, तर दुसरीवर प्रचंड फुटबॉल असतो. पुढच्या गावी पंख पसरलेला गरुड, कमळ, ट्रॅक्टर, रणगाडा, इतकेच काय, प्रेशर कुकरही आढळतो. यांतील बऱ्याचशा पाण्याच्या टाक्या आहेत. पाणी उंचावर साठवले म्हणजे नळाला जोर येतो. या साध्या गरजेतून ही शिल्पे जन्मली. गवंडी सळ्यांचा सांगाडा उभारतो, त्यावर जाळी बसवून सिमेंटचा गिलावा करतो आणि शेवटी रंग देतो. काही शिल्पांत खरोखर पाणी साठते; काही निव्वळ शोभेची असतात.

शहरातून आलेले अनेक जण या टाक्यांकडे पाहून हसतात. पैशाचे भडक प्रदर्शन, असा शेराही मारला जातो. परंतु हा निर्णय घाईचा आहे. राजेरजवाड्यांनी आपल्या पराक्रमाचे मनोरे बांधले, त्यांना इतिहास आदराने वारसा म्हणतो. शेतकऱ्याने आपल्या कुटुंबाची कहाणी सिमेंटमध्ये सांगितली, तर तिला हास्यास्पद का ठरवावे? या आकारांना अर्थ आहे. ट्रॅक्टर शेतीशी नाते सांगतो, रणगाडा सैन्यातील सेवेची आठवण देतो. फुटबॉलच्या मागे जालंधरचा क्रीडासाहित्याचा उद्योग उभा आहे. १९४७ च्या फाळणीत सियालकोटहून विस्थापित झालेल्या कारागिरांनी तो तेथे रुजवला.

सर्वांत बोलकी आहेत ती विमाने. विसाव्या शतकाच्या आरंभी दोआबातील माणसे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड गिरण्यांत मजुरीला गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो जण ब्रिटनमधील ओतशाळांत व कापड गिरण्यांत राबले. परक्या देशात कष्ट करून त्यांनी घरी पैसे पाठवले. त्या पैशांतून पक्की घरे उभी राहिली आणि घरावर विमान आले. उप्पल भूपा गावातील एका घरावर तर एअर इंडियाचे विमानच साकारले आहे. ज्यांना कोणी पुतळा उभारला नसता, त्यांनी स्वतःचे स्मारक स्वतः घडवले. त्यांचा हा अभिमान समजून घेण्याजोगा आहे.

तथापि स्मारक नेहमी अर्धीच गोष्ट सांगते. विमान उड्डाणाचे यश दाखवते. त्याखालच्या बंद खोल्या दाखवत नाही. कित्येक प्रशस्त घरांत वृद्ध आईवडील किंवा एखादा राखणदार एवढेच उरले आहेत. शेतात काम करणारा तरुण मात्र रोज वर पाहतो आणि त्याला केवळ विमान दिसते. जालंधरजवळील तल्हणच्या गुरुद्वारात परदेशगमनाची इच्छा पूर्ण व्हावी म्हणून खेळण्यातली विमाने अर्पण करण्याची प्रथा पडली, ती याच ओढीतून. पण ही ओढ कधी फार महाग पडते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत पंजाबचे तरुणही होते. परत आलेल्यांपैकी अनेकांच्या कुटुंबांनी जमीन विकून किंवा कर्ज काढून दलालांचे खिसे भरले होते. असे विमान कोणी गच्चीवर बांधत नाही.

म्हणून ही शिल्पे पाडावीत असे मुळीच नाही. स्वप्न पाहणे हा दोष नव्हे. मात्र त्यांच्याकडे केवळ गंमत म्हणून पाहून पुढे जाणे हे त्या कुटुंबांवर आणि गावातल्या तरुणांवर अन्याय करणारे आहे. मुंबईचे छायाचित्रकार राजेश व्होरा यांनी २०१४ पासून काही वर्षे गावोगाव फिरून या टाक्यांची छायाचित्रे टिपली. त्यामुळे त्यांचे रूप तरी जतन झाले. आता त्यांची कथा जतन व्हायला हवी. टाकी कोणत्या गवंड्याने घडवली, घरातून कोण, कोणत्या साली, कोणत्या कामासाठी गेले, त्यासाठी काय विकावे लागले आणि मागे कोण राहिले, याची नोंद गावच्या शाळेला व पंचायतीला सहज करता येईल. अशी नोंद हाताशी असेल, तर वर पाहणाऱ्या तरुणाला विमानाबरोबर त्याची किंमतही दिसेल. मग जायचे की राहायचे, हा निर्णय तो डोळे उघडे ठेवून घेऊ शकेल.