गोळीचा हिशेब, गटाराचा हिशेब

पावसाळा सरता सरता वस्तीत ताप येतो, याचे सांगोल्याकडे आता कुणाला नवल वाटत नाही. गेल्या हंगामातही तेच झाले. आठवडाभरात सहा घरांत माणसे अंथरुणाला लागली. डाळिंबाच्या बागेत कामाला जाणारी आमच्यातलीच एक बहीण तीन दिवस ताप अंगावर काढून सरकारी दवाखान्यात गेली. तपासणी झाली, थोड्या गोळ्या मिळाल्या आणि बाकीच्यांसाठी बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी हातात पडली. त्या चिठ्ठीत दोन दिवसांची मजुरी गेली. तापात बुडालेली मजुरी वेगळीच. संध्याकाळी विहारासमोर बसून आम्ही सगळे बोललो. "सरकारी दवाखाना असाच असतो," असे म्हणालो आणि उठलो. गोळ्या का नव्हत्या, कधीपासून नव्हत्या, कुणी मागवायच्या होत्या, हे कुणीच विचारले नाही. आम्हीही नाही.

या पानावर आम्ही नेहमी पाणी उकळून प्या, पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करा, ताप अंगावर काढू नका, असे सांगतो. ते सांगत राहूच. पण आज वेगळे बोलायचे आहे. हिशेब मागणे हीसुद्धा आरोग्याची काळजी आहे. घरातले पिंप आपण घासू शकतो, वस्तीतले तुंबलेले गटार एकट्याने काढता येत नाही. त्यासाठी सरकारने पैसा ठेवलेला असतो. तो आला का आणि गेला कुठे, हे विचारले नाही तर साथ दर वर्षी येणार.

आधी दवाखान्याचे पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. म्हणजे आपले प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय, दोन्ही त्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे असल्याने या निर्णयात नाहीत, हे लक्षात ठेवावे. बाळंतपणासाठी तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, घरून नेणे आणि परत आणून सोडणे, यातल्या कशालाही पैसे पडू नयेत, असा तो नियम आहे. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या बाळंतिणीला ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळायचे असतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या, म्हणून जातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक दिवस भरायच्या आत तयार ठेवावे. ७०० रुपये थोडे वाटतील. पण आपल्या तालुक्यातून किती बाळंतिणींना ते मिळाले आणि किती जणींचे अडकले, याची यादी खात्याकडे असते. ती मागता येते.

दवाखान्याला औषधांखेरीज आणखी पैसा येतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी वर्षाला रुग्ण कल्याण समितीचे १ लाख, देखभाल दुरुस्तीचे ५० हजार आणि अबंधित निधीचे २५ हजार, असे पावणेदोन लाख रुपये ठरवले होते. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला १० हजार. रकमा आणि नियम पुढे बदलत गेले. म्हणूनच पहिला प्रश्न असा: यंदा आपल्या केंद्राला आणि आपल्या गावाला किती आले? दुसरा प्रश्न: कशावर गेले? रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून अडीनडीला औषध घेता येते, बाकडे, पाण्याची टाकी, बाळंतिणीच्या खोलीचा पडदा होऊ शकतो. गावाच्या १० हजारांतून टीसीएल पावडर, पाण्याची तपासणी, साफसफाई होऊ शकते. हे पैसे वर्षाच्या शेवटी घाईने खर्ची पडले की परत गेले, ते वही पाहिल्यावरच कळते.

आता गटाराकडे येऊ. पाण्याची पाइपलाइन गटाराच्या कडेने जाते. नळाला चार दिवसांनी पाणी येते, तेव्हा रिकाम्या पाइपात घाण ओढली जाते. मग हगवण, कावीळ, टायफॉइड. आणि पाणी रोज येत नाही म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. त्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. म्हणजे नळ, गटार आणि ताप ही एकच साखळी आहे. गावातल्या वस्तीसाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास ही योजना चालते. तिलाच आपण दलित वस्तीची योजना म्हणतो. वस्तीच्या लोकसंख्येवर रक्कम ठरते. गटार, पाणी, रस्ता, दिवे ही कामे त्यातून होतात. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. कागदावर गटार झाले आहे आणि वस्तीत ते अर्धेच आहे, असे असेल तर ताप येण्याचे कारण डासापाशी संपत नाही.

हिशेब मागणे हे आपल्याला नवीन वाटायला नको. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि तिच्या पैशाच्या व्यवहारावर होता. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ ब्रिटिश काळातल्या प्रांतांच्या अर्थकारणावर आहे. सरकार पैसा कुणाकडून घेते आणि कुणावर खर्च करते, हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला विषय. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी हाच, असे मत त्यांनी मांडले. त्याची जबाबदारी न्यायाधीशांपेक्षाही मोठी आहे, असेही ते म्हणाले. कारण मंजूर केलेला पैसा मंजूर केलेल्याच कामावर गेला की नाही, हे पाहणारा तो माणूस आहे. डिसेंबर २०२४ मध्ये याच महालेखापरीक्षकांचा महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य सेवेवरचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. डॉक्टर आणि नर्स यांची कमतरता, औषधखरेदीतला गोंधळ यावर त्यात बोट ठेवले आहे. पण महालेखापरीक्षक आपल्या वस्तीतल्या गटाराची लांबी मोजायला येणार नाहीत. ती आपणच मोजायची.

असे मोजून झालेले आहे. २००७ साली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपल्या शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. बाकीचे पुणे, ठाणे, अमरावती आणि नंदुरबार. पुढे सोलापूरसह आणखी जिल्हे जोडले गेले. पद्धत साधी होती. गावातल्या लोकांनीच दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे. सेवा चांगली तर हिरवा रंग, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. मग जनसुनवाई. तिथे अधिकारी समोर बसलेले आणि बाई उभी राहून सांगते, माझ्याकडून इतके पैसे घेतले, मला बाहेरची चिठ्ठी दिली. काही ठिकाणी घेतलेले पैसे परत करावे लागले, बंद पडलेली उपकेंद्रे उघडली. त्यामागे मोर्चा नव्हता. तारीख, जागा आणि रक्कम लिहून आणलेला कागद होता.

इथे दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत.

पहिली, आशाताई आणि नर्सबाई आपल्या शत्रू नाहीत. आशाताई बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असते. एका नर्सबाईवर दोघींचे काम पडलेले असते. गोळ्या संपल्याचा राग तिच्यावर काढला तर ती बिचारी काय करणार? तिला विचारायचे एवढेच, "ताई, मागणी कधी पाठवली?" बहुतेकदा तिने पाठवलेली असते. मग प्रश्न वर जातो, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्ह्याला. पण कुणी वस्तीचे नाव ऐकून तोंड फिरवत असेल, शेवटी बसवत असेल, पैसे मागत असेल, तर तेही लिहूनच द्यायचे. तो खात्याच्या वागणुकीचा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. गावच्या समितीवर अनेकदा आपलेच माणूस असते. न वाचता सही करणारे आपले, दोन हजारांसाठी गप्प बसणारेही कधी आपले. वस्तीच्या कामाचा ठेका कधी आपल्याच पाहुण्याकडे असतो. "आपलाच पोरगा आहे, जाऊ द्या," असे आम्हीही म्हटले आहे. ज्या गटाराच्या बिलावर आपल्या माणसाची सही आहे, त्याच गटाराकडेला आपले लेकरू खेळते. दुसऱ्याचा हिशेब मागायचा तर आधी आपल्या सहीचा द्यावा लागेल.

मग करायचे काय? माहितीच्या अधिकारात अर्जाला १० रुपये लागतात, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला दाखला जोडला की तेही नाहीत. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. गटारासाठी मागायचे कागद तीन: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिल. या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. दवाखान्यासाठी रुग्ण कल्याण समितीच्या सभांचे इतिवृत्त, वर्षाचा जमाखर्च आणि औषधसाठ्याची नोंदवही मागावी. अर्ज एकाच्या नावाने असला तरी तो देताना पाच जण सोबत जावे. एकटा माणूस दबतो, पाच जणांना बसायला खुर्ची मिळते.

ग्रामसभाही सोडू नये. तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे बायकांनी एकच ठराव मांडावा: वस्तीच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट आमच्यासमोर करा आणि गावाला पाण्याचे कार्ड हिरवे, पिवळे की लाल मिळाले ते फळ्यावर लिहा.

वस्तीत हे जमले तरच वरचा हिशेब मागण्याला वजन येईल. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवल्याचे समोर आले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या घरांतही ते येतात आणि त्यातून मीठमिरची, औषधपाणी होते. पण ते पैसे सगळ्यांच्या तिजोरीतून द्यावेत. वस्तीच्या गटारासाठी, वसतिगृहासाठी राखलेला पैसा एका हाताने काढायचा आणि दुसऱ्या हाताने दिल्याचे दाखवायचे, याला हिशेब म्हणत नाहीत. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा ही मागणी आपण धरून ठेवली पाहिजे.

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात एक वही उघडायची. कुणाला बाहेरची चिठ्ठी मिळाली, तारीख काय, किती रुपये गेले, कुठल्या गल्लीत गटार तुंबले, हे तिच्यात लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शाळेतली मुले लिहितील. तीन महिन्यांनी ती वही घेऊन पाच जण पंचायत समितीत जाणार. तुमच्या वस्तीतही अशी एक वही उघडा. चिठ्ठ्या आणि पावत्या फेकू नका. पुढच्या पावसाळ्याला अजून वेळ आहे, गटार तोवर होऊ शकते.

जय भीम!