दसऱ्याला मोटार घासण्याआधी



दसरा जवळ आला. खंडेनवमीला आपण नांगर, पाभर, कोयते धुऊनपुसून पुजतो. ट्रॅक्टर आला तेव्हापासून त्यालाही हार चढतो, आणि आता पुष्कळ घरांपुढे मोटारही उभी असते. पावसाळाभर चिखल खाल्लेली ती मोटार दसऱ्याला आरशासारखी दिसावी, असे घरातल्या पोरांना वाटते. वाटण्यात काही गैर नाही. पण याच हौसेपायी गेल्या साली आमच्या नात्यात काय झाले, ते आज सांगतो. तुमच्याकडे तसे होऊ नये एवढाच हेतू.

माझी बहीण शहापूर तालुक्यात दिली आहे. समृद्धी महामार्ग त्यांच्या शिवारातून गेला. नागपूरपासून भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापर्यंतचा हा 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 रोजी पुरा खुला झाला. पण जमिनीचे पैसे त्याच्या कितीतरी आधी आले होते. काही घराला लागले, काही भाचीच्या लग्नाला, आणि उरलेल्यातून भाच्याने काळ्या रंगाची मोटार घेतली. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात अंगणात डोळ्यांना दिसणारी वस्तू ती एवढीच. त्यामुळे तिचे कौतुकही तसेच.

काळा रंग काही लपवीत नाही. वर्षभरात उन्हात पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसू लागल्या. ठाणे, कल्याण, डोंबिवली इकडे गाड्यांचा रंग उजळून देणारी दुकाने आता जागोजागी झाली आहेत. या कामाला ते डिटेलिंग म्हणतात. भाचा कल्याणला चौकशी करून आला आणि दर ऐकून खट्टू झाला. मला म्हणाला, "मामा, मशीनच फिरवायची ना? ग्राइंडर घरात आहेच की!"

गोठ्याचे अँगल कापायचा तो ग्राइंडर. त्याला लोकरीची गादी बसवली, कंपाऊंड फासले आणि बोनेटवर टेकवले. आधी मधला भाग लखलखला. पोरगे खूश झाले. मग मशीन कडेला आली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बोटभर रुंदीचा रंग उडून खालचा करडा थर उघडा पडला. बहीण ओट्यावरून बघत होती. ती एवढेच म्हणाली, "दादा, जमीन गेली तिचे पैसे तरी आले. ह्याचे कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन डोंबिवलीला एका जुन्या कारागिराकडे गेलो. या भागाला मोटारींची ओळख जुनी आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता आणि 1990 च्या दशकात तिथे प्यूजो 309 ही गाडी तयार होत असे. आमच्या कारागिराचा हात मात्र बसला होता पद्मिनी टॅक्सीवर. त्या टॅक्सीने ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला.

तो रागावला नाही. म्हणाला, "पोरा, तू पद्मिनीला करतात तसं केलंस. ही गाडी तशी नाही." आणि त्याने आम्हांला जे समजावले ते शेतकऱ्याला चटकन पटेल असे आहे.

जुन्या गाड्यांचा रंग वरपासून खालपर्यंत एकाच जातीचा आणि चांगला जाड असे. घासला तरी खाली पुन्हा रंगच. आताच्या मोटारीवर मात्र थरावर थर असतात. तळाला पत्रा गंजू नये म्हणून एक थर, त्यावर करडा प्रायमर, मग रंग, आणि सर्वांत वर बिनरंगाचा पारदर्शक थर; त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक या वरच्या थराची. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा हिस्सा. क्लिअर कोट बहुतेक 35 ते 50 मायक्रॉनच असतो. केसाहूनही पातळ!

आता रेघ जाते कशी, ते पाहा. रेघ म्हणजे त्या थरातली बारीक चर. पॉलिश केल्याने चर भरत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचा थर घासून चरीच्या तळाशी आणला जातो. म्हणजे चमक मिळते ती थर खर्चून. बांधाला ताल न घालता उतार नांगरला की वरची कसदार माती वाहून जाते, आणि ती काही पुढच्या पावसात परत येत नाही. रंगाचेही तसेच आहे. म्हणून घासण्याआधी किती थर शिल्लक आहे ते बघावे, आणि काम भागेल तेवढेच घासावे.

तुमच्या गाडीला कोणता रंग आहे, हे ओळखायची सोपी खूण आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात हाताने चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग जुन्या पद्धतीचा, एकेरी. फडके रंगले नाही तर वर क्लिअर कोट आहे, जपून राहा.

आता हत्यारांविषयी.

साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. तो लोखंड कापण्यासाठी आहे. पॉलिशची मशीन साधारण सहाशे ते तीन हजार फेऱ्यांची असते आणि वेग कमीजास्त करता येतो. ग्राइंडरला गादी लावणे म्हणजे रोपांच्या वाफ्यात ट्रॅक्टर घालणे. रंग तर जळतोच, पण गादी सुटून तोंडावर येण्याचेही भय.

पॉलिशच्या मशीनी मुख्यतः दोन जातींच्या. एकीला रोटरी म्हणतात. तिची गादी एकाच आसाभोवती गरगर फिरते. काम झपाट्याने होते, पण एका जागी तापते आणि कडेवर पटकन थर खाते. ती मुरलेल्या हाताची मशीन. दुसरी ड्युअल अॅक्शन, दुकानदार तिला डीए म्हणतात. तिची गादी फिरते आणि त्याच वेळी आडवीतिडवी डोलते. जास्त दाबली तर बहुधा गादीचे फिरणेच थांबते, म्हणून रंग जळण्याचा धोका कमी. वेळ जास्त लागतो, पण शिकाऊ माणसाने हीच घ्यावी.

गादीतही फरक आहे. लोकरीची सर्वांत जहाल, मऊ फोमची सर्वांत सौम्य. कंपाऊंड खरखरीत, पॉलिश बारीक. कारागीर आधी हातभर जागेवर मऊ गादी आणि बारीक पॉलिशने करून पाहतो. तेवढ्याने भागले तर तिथेच थांबतो. नाही भागले तरच एक पायरी वर चढतो. रेघेत नख अडकत असेल तर ती खोल आहे. तिच्या मागे लागू नये. काम नेहमी सावलीत, पत्रा थंड असताना करावे. कडांना आणि रबराला आधी चिकटपट्टी लावावी. गळ्यात उपरणे किंवा सैल कपडा नको. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके हवेच.

एका गाडीसाठी मशीन विकत घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत. दुकानात जा, पण तीन गोष्टी विचारा. थर मोजायचे यंत्र आहे का? आधी एका जागी नमुना करून दाखवाल का? आणि नमुन्यावरचे तेल स्पिरिटने पुसून मग उन्हात दाखवाल का? काही मालांत मेण व तेल असते. त्याने रेघा नुसत्या झाकल्या जातात आणि चार धुण्यांत पुन्हा वर येतात. जुनी मोटार घेतानाही थर मोजून घ्या. एका दारावर शंभरच्या आसपास आणि शेजारच्या दारावर तीनशेच्या वर आकडा आला, तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे असे समजा.

सिरॅमिक कोटिंग घ्यायचे असेल तर रेघा काढल्यावरच घ्या, नाहीतर त्या आतच कोंडल्या जातात. ते घेतले म्हणजे गाडीला दगड लागणार नाही, असेही समजू नका.

खरे पाहता निम्म्या रेघा आपणच पाडतो. धुळीवर कोरडा फडका मारतो, तिथेच घोटाळा होतो. आधी भरपूर पाणी सोडून चिखल भिजवा. दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक हातमोजा खंगाळण्याची. टपापासून खाली या. कपड्यांची पावडर आणि झाडू गाडीपासून दूर ठेवा. पाखरांची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढा. ठाणे-कल्याण स्टेशनजवळ रोज गाडी लावणाऱ्यांना रंगावर तांबूस बारीक ठिपके दिसतील. रेल्वेच्या चाकांतून व ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण गंजून तसे होते. ते काढायला दुकानात क्ले नावाची खास माती मिळते. शेतातली चिकणमाती मात्र चुकूनही लावू नका!

बोनेट पुन्हा रंगवावे लागले. कल्याणच्या दुकानाने सांगितला होता त्याहून खर्च जास्तच झाला. पण भाचा त्या कारागिराच्या हाताखाली पाच महिने राहिला. पहिले दोन महिने त्याला मशीनला हात लावू दिला नाही, नुसत्या गाड्या धुवायला लावल्या. आता महामार्गाला लागून स्वतःचे दुकान टाकीन म्हणतो. मी म्हटले, टाक, पण आधी थर मोजायचे यंत्र घे आणि मग मशीन.

परवा बहिणीकडे गेलो होतो. गाडी अंगणात उभी होती, स्वच्छ धुतलेली. बारीक रेघा दोन-चार आहेतच. भाचा म्हणाला, "राहू देत मामा, अजून पुष्कळ दसरे काढायचेत तिला."

तुम्हां सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा. पुढल्या आठवड्यात भेटूच.