मिश्रीची डबी आणि एक प्रश्न

परवा राहुरीत आमच्या घरी आशाताई फॉर्म भरायला आल्या. सासूबाईंना विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?" सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "नाही गं बाई, ते गडीमाणसांचं काम." आशाताईंनी 'नाही' लिहिलं. मी मात्र मोरीच्या कोनाड्यातल्या मिश्रीच्या डबीकडे बघत राहिले.

सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. आपल्याकडे मिश्री म्हणजे दात घासायची पूड! पण ती तंबाखूच, तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

हा एक 'नाही' महागात पडू शकतो. तिशीपुढच्या प्रत्येकाच्या तोंडाची दर 5 वर्षांनी तपासणी व्हावी, असं 2016 मध्ये केंद्र सरकारने ठरवलं. आशाताईंच्या फॉर्मात रोजच्या तंबाखूला 2 गुण असतात. एकूण गुण 4 च्या वर गेले की तपासणीला आधी बोलावतात. म्हणजे मिश्री लपली की नंबर मागे गेला! आधीच 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, अशी तपासणी कधी झालेल्या 30 ते 49 वयाच्या बायका देशात शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत.

खरं तर या तपासणीला ना सुई, ना यंत्र. बॅटरीच्या उजेडात गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर नजर फिरवायची. केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी एवढंच केलं. 2005 मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

मैत्रिणींनो, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन बोटं उभी मावू नयेत इतकं कमी उघडणारं तोंड, मानेत गाठ, बसलेला आवाज, यातलं काही असलं तर ग्रामीण रुग्णालय गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही. आणि आशाताईंनो, 'तंबाखू खाता का' यासोबत 'मिश्री लावता का' हेही विचारा.

त्या दिवशी मी आशाताईंना दारातून परत बोलावलं. 'नाही' खोडून 'रोज' लिहायला लावलं. सासूबाई फणकारल्या, "सांग आता साऱ्या गावाला!" दोन दिवस अबोला होता. काल रात्री मात्र हळूच म्हणाल्या, "सोमवारी जायचं ना गं तपासायला?"